हलक्या हाताची दाढी

दाढीचा एक केस साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. रेझरमध्ये घालायचं दुधारी ब्लेडही ०.१ मिलिमीटरच जाड. रोज सकाळी बरोबरीच्या जाडीचे हे दोन पदार्थ एकमेकांना भिडतात आणि मार बसतो तो तिसऱ्यालाच, कातडीला. गालांची आग होते, मानेवर लाल ठिपके उठतात, शर्टाची कॉलर दिवसभर चरचरते. मग आपण ब्लेड बदलतो, क्रीम बदलतो, शेवटी रेझरच बदलतो. दोन पात्यांचा होता तो जाऊन तीनचा येतो, तीनचा जाऊन पाचचा. त्यापेक्षा हात बदलला असता तर पैसे वाचले असते.

दुधारी ब्लेडच्या साध्या सेफ्टी रेझरनं रोज घोटून दाढी करता येते आणि कातडीही शाबूत राहते. अटी दोनच. दाबायचं नाही, आणि चेहऱ्याचा प्रत्येक कोपरा सारखाच गुळगुळीत झाला पाहिजे हा हट्ट सोडायचा. पहिली अट का, हे रेझरची रचना पाहिली की कळतं. दुसरी मान्य व्हायला थोडं गणित लागतं.

रचनेचा उगम एका फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यात आहे. किंग कँप जिलेट हा अमेरिकन गृहस्थ बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा माल विकत हिंडायचा. कंपनीचे मालक विल्यम पेंटर यांनी असं पत्र्याचं बूच काढलं होतं, की एकदा उघडलं की ते फेकूनच द्यायचं. गिऱ्हाईक पुन्हापुन्हा येईल असं काहीतरी तूही शोधून काढ, असं त्यांनी जिलेटला सुचवलं. १८९५ साली त्याला ते सापडलं. तोवर दाढी म्हणजे वस्तरा, आणि वस्तरा म्हणजे तो रोज चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा, अधूनमधून दगडावर लावायचा. धारेपुढे आडोसा ठेवून जखम टाळायची कल्पना काही जिलेटची नव्हती. अठराव्या शतकात झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिरानं वस्तऱ्याला लाकडी आडोसा लावून पाहिला होता. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० च्या सुमारास आपला सेफ्टी रेझर बाजारात आणला होता. पण त्यातलं पातंही जाडच, त्यालाही धार लावावी लागे. जिलेटला हवं होतं कागदासारखं पातळ पातं, जे बोथट झालं की टाकून द्यायचं.

पातळ पत्र्याला पाणी देऊन तो कडक करायचा आणि तरी वाकडा होऊ द्यायचा नाही, हे जमणार नाही असं जाणकारांनी त्याला सांगितलं. विल्यम निकरसन या अभियंत्यानं ते जमवलं. १९०३ साली विक्री सुरू झाली आणि त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा ९०,८८४ वर गेला. त्याच वर्षी, १९०४ च्या नोव्हेंबरात, पेटंटही मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करानं सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही, हेही त्यामागचं एक कारण होतं. गंमत अशी की याच जिलेटनं १८९४ साली ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ हे पुस्तक लिहून व्यापारातली स्पर्धा मुळातून संपवावी, सगळं उत्पादन लोकांच्या मालकीच्या एकाच कंपनीनं करावं, असा आग्रह धरला होता. पुढे त्याच्या नावानं जगभर जी स्पर्धा चालली, तिच्याकडे पाहता या पुस्तकाचं काय झालं ते सांगायला नको.

आता रेझरचं डोकं उघडून पाहू. खाली एक पट्टी, तिची कड सरळ किंवा दातेरी. वर घुमटासारखी टोपी. मध्ये ब्लेड. दांडा फिरवून आवळला की टोपी ब्लेडला किंचित वाकवते, आणि एरवी लवलवणारं पातं ताठ होतं. ब्लेडची धार टोपीच्या कडेबाहेर अगदी थोडी डोकावते. खालच्या पट्टीची कड तिच्यापासून बारीकशा फटीनं दूर असते. टोपीची कड आणि पट्टीची कड या दोन्ही कातडीला टेकल्या, की धार कातडीला जेमतेम स्पर्श करेल अशी ही मांडणी आहे. सेफ्टी रेझरमधली ‘सेफ्टी’ ती एवढीच.

पण कातडी म्हणजे लाकडाची फळी नाही. रेझर दाबला की ती त्या फटीत फुगून वर येते आणि धारेच्या वाटेत उभी राहते. मग धार केसाबरोबर कातडीचाही पापुद्रा काढत जाते. चेहऱ्यावरचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर ०.०२ मिलिमीटरहूनही पातळ असतो. दाढी कशीही केली तरी त्यातलं थोडं निघतंच, आणि ते लवकर भरूनही येतं. एकाच जागेवरून दाबून तीनदा-चारदा पातं फिरलं, की खालचा जिवंत भाग उघडा पडतो. रक्त येतंच असं नाही. आग मात्र होते.

मग अनेक पात्यांच्या रेझरनं दाबून दाढी केली तरी कसं चालतं? त्यात पाती इतकी जवळजवळ बसवलेली असतात, की दोन पात्यांमधल्या अरुंद जागेत कातडीला फुगायला वावच कमी. शिवाय त्याचं डोकं मानेत हलतं, आपला चुकलेला कोन ते स्वतःच सांभाळून घेतं. त्यामुळे दहा-पंधरा वर्षं तसला रेझर वापरलेला माणूस जोर लावायची सवय घेऊनच दुधारी ब्लेडकडे येतो. पहिल्याच आठवड्यात त्याची मान सोलवटते आणि ‘हे जुनं प्रकरण आपल्याला मानवत नाही’ असा निकाल तो देऊन टाकतो. निकाल चुकीचा, पण त्याचं दुःख खरं असतं.

पितळी किंवा स्टीलच्या चांगल्या रेझरचं वजन ७० ते ९० ग्रॅम भरतं. तेवढं वजन दाढीला पुरतं. आपण रेझर फक्त वाट दाखवत न्यायचा. दांडा मुठीत धरू नये. टोकाकडे, अंगठा आणि दोन बोटांत धरला की जोर लावावासा वाटला तरी लागत नाही. गालावर हे जमतं, हनुवटीवर विसरायला होतं आणि मानेवर तर हात हमखास जड होतो, कारण तिथं नीट दिसत नाही. न दिसणाऱ्या जागी आपण जास्त जोर लावतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कोनाचंही तसंच. ब्लेड आणि कातडी यांच्यात साधारण ३० अंश असावेत असं सांगतात. पण सकाळी सात वाजता कोनमापक घेऊन कोण उभं राहणार? टोपीचा घुमट गालावर टेकवा, दांडा गालापासून सरळ बाहेर निघालेला ठेवा. या स्थितीत धार कातडीला लागतच नाही. आता रेझर पुढे सरकवत दांडा हळूहळू खाली आणा. एका क्षणी केस कापल्याचा बारीक खरखर आवाज यायला लागतो. तिथं थांबा, तोच कोन. दांडा आणखी खाली नेला की आवाज बदलतो, केस कापण्याऐवजी कातडी खरवडली जाऊ लागते. सुरुवातीचे काही दिवस पंखा आणि रेडिओ बंद ठेवून दाढी करावी. या कामात कान डोळ्यांपेक्षा जास्त भरवशाचे आहेत. ओढ बोटाच्या दोन पेरांहून लांब नको. गालाच्या वरपासून जबड्यापर्यंत एकाच फटक्यात पातं ओढणारे लोक जाहिरातीत असतात, आणि जाहिरातीतल्या माणसाची दाढी बहुधा आधीच झालेली असते.

आता केस. कोरडा केस चिवट असतो; तो पात्यापुढे झुकतो, खेचला जातो आणि मुळाशी दुखतो. तोच केस पाणी प्यायला की थोडा फुगतो आणि मऊ होतो, कारण केसातल्या केराटिनचे काही बंध पाण्यानं सैल होतात. मग तो कापायला पुष्कळ कमी ताकद लागते. यासाठी दोन-तीन मिनिटं पुरतात. पाणी कोमट असलं तर काम लवकर होतं, गार असलं तर थोडा वेळ जास्त. त्याआधी तोंड साबणानं धुतलेलं असावं, कारण केसावरचा तेलकट थर पाण्याला आत शिरू देत नाही.

इथं आपल्या घरांत एक अडचण येते. आंघोळ करून मग दाढी करा, असा सल्ला पाश्चात्त्य पुस्तकं देतात, आणि केस भिजण्याच्या दृष्टीनं तो बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र आधी क्षौर आणि मग स्नान हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या बसलेला. दाढी करून तसंच देवापुढे किंवा स्वयंपाकघरात गेलं तर आजी ओरडायची. क्रम मोडायची गरज नाही. कोमट पाण्यानं चेहरा धुवायचा, फेस लावायचा आणि तो तसाच ठेवून दोन-तीन मिनिटं दुसरं काही करायचं. दूध तापवा, बादली लावा. त्या वेळात फेस आपलं काम करतो. लगेच रेझर चालवला तर फेस नुसता रंग लावल्यासारखा राहतो.

फेस म्हणजे पाणी केसाजवळ धरून ठेवण्याची आणि पातं घसरतं ठेवण्याची सोय. अंगाच्या साबणाचा फेस भराभर येतो आणि तितक्याच भराभर बसतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं. शिवाय तो सोडियम आणि पोटॅशियम या दोन्हींच्या अल्कलींनी बनवतात. पोटॅशियममुळे तो पाण्यात लवकर विरघळतो, स्टिअरिक आम्लामुळे फेस टिकतो. डब्यातून फुस्स करून निघणारा फोम दिसायला भरगच्च, पण त्यात हवाच फार आणि पाणी कमी. ब्रश ओला करून झटका, हरभऱ्याएवढं क्रीम घ्या आणि थेंबथेंब पाणी घालत गालावरच गोल गोल घोटा. सुरुवातीला फेस कोरडा, टोकंटोकं उभी राहणारा दिसतो. तो कामाचा नाही. आणखी चार थेंब पडले की घुसळलेल्या सायीसारखा चकचकीत होतो. तो खरा.

इतकं करूनही फेस होत नसेल तर दोष पाण्याचा समजावा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांचं जुळलं की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत आणि टँकरवर चालणाऱ्या शहरी सोसायट्यांत साबण संपतो पण फेस होत नाही, त्याचं कारण हे. उपाय स्वस्त आहे. फेसाला पाणी लागतं वाटीभर. तेवढं पिण्याच्या फिल्टरचं घ्यावं.

वाटीभर पाण्यावरून एक किस्सा सांगायलाच हवा. जिलेट कंपनीनं २००२ साली भारतासाठी ‘व्हेक्टर’ नावाचा रेझर आणला. इथल्या पुरुषांची दाढी दाट आणि ते रोज करतही नाहीत, म्हणून अडकलेले केस बाहेर ढकलायला त्यात एक पट्टी बसवली होती. भारतात येण्याआधी तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या (एमआयटी) भारतीय विद्यार्थ्यांना वापरायला दिला. त्यांना तो फार आवडला. भारतात आला आणि आपटला. विद्यार्थी अमेरिकेत नळाच्या वाहत्या धारेखाली रेझर धुत होते. इथला माणूस मगात किंवा वाटीत पाणी घेऊन बसायचा. त्या साचलेल्या पाण्यात पात्यांमधले केस निघत नव्हते. नंतर कंपनीची माणसं घराघरांत जाऊन लोक दाढी कशी करतात ते बघत बसली आणि २०१० साली ‘गार्ड’ आला. १५ रुपयांचा रेझर, ५ रुपयांचं पातं, आणि पातं एकच. एकाहून अधिक पात्यांचा पुरस्कार वर्षानुवर्षं करणाऱ्या कंपनीनं भारतात एका पात्यावर परत यावं, यात मला दुधारी ब्लेडचा विजय दिसतो. कंपनी अर्थात तसं म्हणणार नाही.

आता दिशा. या भागात घाई केली की वरचं सगळं फुकट जातं. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि मग बोटं फिरवून पाहा. ज्या दिशेनं हात गुळगुळीत जातो तो केसांचा कल, ज्या दिशेनं खुंट टोचतात ती उलटी दिशा. गालावर कल बहुधा वरून खाली असतो आणि इथं कुणाचं काही चुकत नाही. मानेवर मात्र देव जाणे! कुणाचे केस खालून वर, कुणाचे कंठमण्याकडून कानाकडे, कुणाच्या जबड्याखाली तर चक्क भोवरा. डाव्या आणि उजव्या बाजूंचं जुळेल असंही नाही. गालासारखीच मान वरून खाली करणारा माणूस पहिल्याच हातात उलटी दाढी करत असतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं. मानेवरच्या लाल ठिपक्यांचं सगळ्यात नेहमीचं कारण माझ्या मते हेच. चेहऱ्याचं एक कच्चं चित्र काढून त्यावर बाण मारून ठेवावेत. हास्यास्पद वाटतं खरं, पण एकदाच करायचं काम आहे.

पहिला हात कलाच्या दिशेनं. सगळे केस जाणार नाहीत, जायला नकोतही. एका हातात सगळं काढायचं ठरवलं की जोर आलाच. चेहरा ओला करून पुन्हा फेस लावा आणि दुसरा हात आडवा, कलाला काटकोनात. फेस नसलेल्या जागेवर पातं फिरवायचं नाही. राहिलेल्या एका केसासाठी कोरड्या गालावर मारलेला तो शेवटचा फटका दिवसभर आठवण करून देतो. सलूनमध्ये याच्यापुढे कारागीर विचारतो, ‘उलटा हात मारू का?’ आणि आपण मान डोलावतो. रोज दाढी करणाऱ्यानं गालांपुरती मान डोलवावी. गळ्यासाठी नाही म्हणावं.

सुरुवातीला गणिताचा उल्लेख केला तो याच जागेसाठी. दाढीचा केस दिवसाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. समजा, उलट्या हातानं खुंटाचा ०.०५ मिलिमीटर भाग जास्त निघाला. ०.४ च्या वेगानं तेवढा केस तीन तासांत परत येतो. म्हणजे सकाळी आठला आग सहन करून मिळवलेला गुळगुळीतपणा अकराच्या चहापर्यंत संपलेला. दोन हातांत केलेली दाढी आणि तीन हातांत केलेली दाढी यांच्यातला फरक दुपारी कुणाला ओळखता येणार? स्वतःच्या बोटांखेरीज कुणालाच नाही. लग्नाला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

फार खोल दाढीचा आणखी एक तोटा आहे. १९७१ साली दोन पात्यांचा ‘ट्रॅक टू’ बाजारात आला तेव्हा त्यामागची कल्पना अशी होती, की पहिलं पातं केसाला धरून थोडं वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आत दुसरं पातं त्याला आणखी खाली कापतं. कापलेलं टोक मग कातडीच्या पातळीखाली जातं. सरळ केसाला याचं काही वाटत नाही. कुरळा किंवा वळणारा केस मात्र वाढताना सरळ बाहेर न येता आतल्या आतच कातडीत घुसतो. शरीर त्याला परका समजतं, पुटकुळी येते, कधी पू होतो. घरात त्याला केसतूड म्हणतात. गळ्यावर वारंवार अशा पुटकुळ्या येत असतील तर गळ्यावर एकच हात, कलाच्या दिशेनं. एरवी कातडी थोडी ताणून धरली की पातं सुरळीत चालतं, पण गळ्यावर ती ताणू नये, कारण ताणलेल्या कातडीतला केस बाहेर खेचला जातो आणि सोडल्यावर आत जातो. घुसलेले केस सुईनं उकरत बसू नये. हा त्रास फार असेल तर काही आठवडे दाढी बंद ठेवणं हाच पहिला उपचार असतो, आणि त्वचारोगतज्ज्ञही बहुधा तेच सांगतात. ज्यांच्या घरी शनिवारी आणि अमावास्येला दाढी करत नाहीत, किंवा जे श्रावण पाळतात, त्यांच्या कातडीला ही सुट्टी आपोआप मिळते. नियम करणाऱ्यांच्या मनात कातडीचा विचार होता असं मी म्हणणार नाही. फायदा होतो खरा.

ब्लेडबद्दल लोक तावातावानं बोलतात. एकाला जे लोण्यासारखं वाटतं ते दुसऱ्याला करवत वाटतं, कारण केसांची जाडी, रेझरची फट आणि हाताचा कोन प्रत्येकाचा निराळा. म्हणून पाच-सहा जातींची एकेक पाकिटं आणून पाहावीत. एवढा स्वस्त प्रयोग दुसरा नसेल. आपल्याकडे निवड भरपूर आहे. सुपरमॅक्स ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं, टोपाझ आणि लेझर मल्होत्रांचं, सेव्हन ओ’क्लॉक तर घरोघरी माहीत. स्टेनलेस स्टीलची ब्लेडं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डनं गाजवली. त्याआधीची कार्बन स्टीलची ब्लेडं दमट हवेत पटकन गंजत. आज बहुतेक ब्लेडांच्या धारेवर घर्षण कमी करणारा टेफ्लॉनसारखा पातळ थरही असतो. म्हणून धार टॉवेलनं पुसू नये. रेझर पाण्यात हलवून झटकावा आणि हवेवर वाळू द्यावा.

स्टीलपेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असलेला केस ब्लेडला बोथट कसा करतो, हे कोडं २०२० साली थोडं सुटलं. त्याच एमआयटीतल्या जानलुका रोशिओली या संशोधकानं स्वतःची दाढी करून वापरलेली पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार झिजून गोल झाली असेल अशी अपेक्षा. दिसलं ते वेगळंच. धारेचे बारीक कपचे उडालेले होते, केसाच्या जाडीच्या सुमारे एक दशांश मापाचे. पुढे प्रयोगात कळलं, की केस धारेला काटकोनात भेटला तर कपचा उडत नाही. केसाला वाकायला जागा असली, आणि तो नेमका अशा जागी पात्याला भेटला की जिथं स्टीलची आतली घडण एकसारखी नाही, तर उडतो. या तुटक धारेचा चौथ्या-पाचव्या दाढीला अनुभव येतो. केस कापण्याऐवजी ओढला जातो, आणि आपला हात नकळत जोर लावू लागतो. जोर लावावासा वाटला की ब्लेड बदलायचं, ही खूण दिवस मोजण्यापेक्षा बरी. एका ब्लेडवर पंधरा दिवस काढणाऱ्यांचा काटकसरीपणा मला कळतो, पण ब्लेड दोन-तीन रुपयांचं आणि मान आपली.

दाढी झाल्यावर चेहरा गार पाण्यानं धुवायचा आणि ओल्या कातडीवर तुरटी फिरवायची. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. ती कातडीतली आणि रक्तातली प्रथिनं गोठवते, त्यामुळे बारीक ओरखड्यांतलं रक्त थांबतं आणि कातडी आखडल्यासारखी होते. तिचा याहून मोठा उपयोग मला वाटतो तो परीक्षकाचा. जिथं झोंबते तिथं हात जड पडला. गाल शांत आणि कंठमण्याजवळ आग, म्हणजे उद्या तिथं एक हात कमी. अर्ध्या-एक मिनिटानं ती धुऊन टाकावी, नाहीतर कातडी कोरडी पडते. दाढीनंतर लावायच्या स्पिरिटच्या पाण्यानं ताजंतवानं वाटतं, पण रोज दाढी करणाऱ्या कोरड्या कातडीला ते जाचतं; साधं क्रीम किंवा कोरफडीचा गर बरा. खोबरेल तेल ज्यांना मुरमं येतात त्यांनी टाळावं.

तुरटीचा खडा ज्याचा त्यानं वेगळा ठेवावा. सलूनमध्ये एकच खडा सगळ्यांच्या ओरखड्यांवरून फिरतो, तो नको म्हणून सांगायला संकोच करू नये. ब्लेडचं तर बोलायलाच नको. एचआयव्ही आणि कावीळ ब यांची भीती पसरली तशी कारागिरांनी वस्तरे बाजूला ठेवले. दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा गिऱ्हाइकासमोर पकडीत बसवायची पद्धत तेव्हा रुळली. घरातही बाप-लेकांचा रेझर एक असला तरी ब्लेड एक नसावं.

वापरलेल्या ब्लेडला घरात पूर्वी दुसरा जन्म असायचा. पेन्सिलीला टोक, शिवणीचा टाका उसवणं, नखं. त्यातलं आता थोडंच उरलं. ते नुसतं कचऱ्यात टाकलं की कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटांत जातं. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा एखादा डबा बाथरूममध्ये ठेवला तर तो भरायला काही वर्षं लागतात. भरला की चिकटपट्टीनं बंद करून, वर लिहून, कोरड्या कचऱ्यात वेगळा द्यावा.

प्रवासात विमानाच्या हातसामानात सुटं ब्लेड नेऊ देत नाहीत. रेझर रिकामा न्यावा आणि ब्लेड पोहोचल्यावर घ्यावं. कुठलंही घेतलं तरी बसतं. १९३० साली जिलेट आणि तिची प्रतिस्पर्धी ऑटोस्ट्रॉप या दोन कंपन्या पेटंटच्या भांडणातून एकत्र आल्या, आणि ब्लेडच्या मधल्या लांब खाचेचा आजचा आकार त्या काळापासून चालत आला आहे. जर्मनीतल्या सोलिंगेनला घडलेल्या रेझरमध्ये ठाण्याचं ब्लेड कुरकुर न करता बसतं, आणि तालुक्याच्या बसस्टँडवरच्या पानाच्या टपरीवर मिळणारंही.